एनएफएलचा ऑफसीझन स्वतः मांडून बघा: ईगल्सच्या २०२४च्या उन्हाळ्यावरून एक पद्धत

१५ जानेवारी २०२४ला एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ टॅम्पा बेकडून ९-३२ असा हरला. हंगामाची सुरुवात त्यांनी १० विजय आणि १ पराभव अशी केली होती. पुढच्या सहापैकी पाच सामने गमावले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. गुण देण्यात बचावफळी ३२ संघांत ३०वी होती. त्यात मार्च उजाडताच आक्रमक फळीच्या मधोमध खेळणारा सेंटर जेसन केल्सी (१३ हंगाम) आणि बचावफळीच्या मधला डिफेन्सिव्ह टॅकल फ्लेचर कॉक्स (१२ हंगाम) दोघेही निवृत्त झाले. तेरा महिन्यांनी, ९ फेब्रुवारी २०२५ला, याच संघाने न्यू ऑर्लीन्समध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकला.

या दोन तारखांमध्ये जनरल मॅनेजर हॉवी रोझमन यांनी फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार) आणि ड्राफ्ट (कॉलेजच्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड) यांत जे केलं, ते टप्प्याटप्प्याने उलगडलं की कुठल्याही संघाचा ऑफसीझन आपल्याला स्वतः मांडता येतो. संघ तुमचा कोणताही असो, अगदी न्यूयॉर्क जायंट्ससुद्धा. (न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हा वाद चालूच असतो, आणि खाली पूर्वी जायंट्सकडे असलेल्या सेक्वॉन बार्कलीचं नाव येणार आहे, तेव्हा जायंट्सवाल्यांनी मन घट्ट करावं.)

माझं म्हणणं एवढंच आहे: बाजारात जी जागा स्वस्तात भरते ती बाजारातून भरा, आणि जी बाजारात परवडत नाही ती ड्राफ्टमधून. नुसतं ‘आपल्याला काय हवंय’ एवढं लिहून यादी होत नाही. ते कुठून घ्यायला स्वस्त पडतं, हेही शेजारी लिहावं लागतं.

पहिलं काम: तारखा

फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फ्रँचाइझ टॅगची (आपला खेळाडू वर्षभर अडवण्याच्या हक्काची, चौथ्या कामात बघू) मुदत असते आणि त्याच सुमारास इंडियानापोलिसला कॉम्बाइन (ड्राफ्टच्या उमेदवारांची चाचणी) होतं. मार्चच्या मध्यावर नवं लीग वर्ष सुरू होतं. त्याच्या दोन दिवस आधीपासून संघांना दुसऱ्यांच्या खेळाडूंच्या एजंटांशी अधिकृतपणे बोलता येतं. बहुतेक मोठ्या बातम्या या दोन दिवसांतच फुटतात, सह्या नंतर होतात. एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: बोलणी सुरू होतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि लीग वर्ष सुरू होतं तेव्हा मध्यरात्रीनंतरचा दीड. ड्राफ्टची पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला, दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे साडेचारला आणि उरलेल्या चार फेऱ्या शनिवारी रात्री साडेनऊपासून. पहिल्या दिवशी झोपमोड करायची तेवढी करा. दुसऱ्या दिवसाला मात्र उठाच, खरा संघ तिथे बांधला जातो.

दुसरं काम: घरातली मोजणी

एक कागद किंवा एक्सेल शीट घ्या. प्रत्येक जागेसमोर पहिला खेळाडू, त्याचा बदली, दोघांची वयं आणि करार कधी संपतो ते वर्ष लिहा. करारांची माहिती ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या साइट्सवर मिळते. मग करार संपलेल्यांची विभागणी करा. चार किंवा जास्त हंगाम जमा असतील तर खेळाडू पूर्ण मोकळा. तीनच असतील तर तो मर्यादित फ्री एजंट, म्हणजे संघाने ठराविक रकमेचा प्रस्ताव ठेवला की दुसऱ्या कुणाच्या ऑफरशी बरोबरी करायचा हक्क संघाकडे राहतो. तीनहून कमी हंगामवाल्याला किमान पगारावर राहण्यावाचून फारसा पर्याय नसतो.

ईगल्सचा असा कागद मार्च २०२४मध्ये काय सांगत होता? कॉर्नरबॅक (पास पकडणाऱ्यांना अडवणारा) डेरियस स्ले ३३ वर्षांचा, जेम्स ब्रॅडबेरी तिशी गाठलेला. लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला) नाव घेण्यासारखा नाही. सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) कमजोर. रनिंग बॅकची (चेंडू घेऊन धावणाऱ्याची) जागा रिकामी. केल्सी गेलेला.

केल्सीच्या जागेकडे जरा बारकाईने बघा, कारण ती जागा त्या वर्षी ‘रिकामी’ नव्हतीच. २०२२च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत ५१व्या क्रमांकावर कॅम जर्गन्सला घेतलं होतं. तो वर्षभर बाकावर बसला, मग एक वर्ष राइट गार्ड (सेंटरच्या लगेच उजवीकडचा) खेळला आणि आता सेंटरला सरकला. म्हणजे भोक पडलं ते राइट गार्डच्या जागी, आणि गार्ड बाजारात मिळतो. तुमच्या कागदावर वयाचा रकाना हवा तो याचसाठी: तिशी ओलांडलेल्या प्रत्येक मुख्य खेळाडूसमोर दोन वर्षांनंतरचा माणूस कोण, हे आजच लिहा.

तिसरं काम: कॅपचं गणित

इथे बहुतेक चाहते कंटाळून सोडतात, आणि मग मार्चभर ‘पैसे नाहीत तर हा आला कसा’ असं विचारत राहतात.

२०२४ला प्रत्येक संघाची पगारमर्यादा (सॅलरी कॅप) २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. आदल्या वर्षी ती २२ कोटी ४८ लाख होती, आणि २०२५ला २७ कोटी ९२ लाख झाली. मर्यादा अशी भराभर वाढत असताना आजचा खर्च उद्यावर ढकलणं फायद्याचं ठरतं, आणि ईगल्स हेच करतात.

ढकलतात कसं? करारावर सही करताना दिलेला बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण कॅपच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटता येतो, अगदी ईएमआयसारखा. करार तीनच वर्षांचा असेल तर त्याला दोन नावापुरती वर्षं जोडतात. त्यांना व्हॉइड वर्षं म्हणतात. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नसतो, फक्त हिशेब खेळत असतो.

समजा तीन वर्षांच्या करारात दोन कोटी डॉलर बोनस आहे आणि दोन व्हॉइड वर्षं जोडली आहेत. दर वर्षी ४० लाख कॅपवर पडतील. पहिल्या वर्षाचा मूळ पगार १२ लाख ठेवला, तर त्या वर्षीचा एकूण आकडा फक्त ५२ लाख. तीन वर्षांनी खेळाडू गेला की उरलेले ८० लाख एकदम चौथ्या वर्षाच्या कॅपवर कोसळतात. यालाच डेड मनी म्हणतात: माणूस नाही, आकडा आहे.

खरी उदाहरणं बघा. क्वार्टरबॅक (पास फेकणारा सूत्रधार) जेलन हर्ट्सचा करार पाच वर्षांचा २५.५ कोटी डॉलरचा, म्हणजे सरासरी ५.१ कोटी. पण २०२४चा त्याचा कॅपवरचा आकडा सुमारे १.३५ कोटीच होता. बार्कलीचा करार सरासरी सव्वा कोटीच्या वर, पहिल्या वर्षाचा कॅप आकडा मात्र ४० लाखांच्या आसपास.

या पद्धतीत जोखीम आहेच. कोव्हिडनंतर २०२१ला मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरली, तेव्हा उद्यावर ढकलणाऱ्या संघांची पळापळ झाली. तरीही मालक रोख रक्कम पुढे टाकायला तयार असेल आणि संघ आत्ता जिंकण्याच्या अवस्थेत असेल, तर मी ढकलण्याच्याच बाजूचा आहे. पुनर्बांधणी करणाऱ्या संघाने मात्र हे करू नये, हरण्यासाठी कर्ज काढण्यात काय अर्थ?

कागदावर करायचं ते असं: प्रत्येक मोठ्या खेळाडूसमोर दोन आकडे लिहा. तो राहिला तर यंदाचा कॅप आकडा, आणि त्याला काढलं तर पडणारा डेड मनी. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर त्याला काढण्याच्या गप्पा यंदापुरत्या बंद. १ जूननंतर काढलं तर यंदाचा हप्ता यंदा आणि उरलेला पुढच्या वर्षी पडतो. मार्चमध्येच काढून असा शिक्का मारण्याची मुभा दर संघाला दोन खेळाडूंपुरती आहे, पण त्यातून सुटणारी जागा जूनमध्येच हाती येते, मार्चच्या खरेदीला तिचा उपयोग नाही. आणखी एक: ऑफसीझनमध्ये ९० खेळाडू असले तरी कॅपमध्ये सर्वांत मोठे ५१ आकडेच धरतात. त्यामुळे ‘ड्राफ्टसाठी पैसे उरलेच नाहीत’ ही भीती बहुतेक वेळा फोल असते. नव्या मुलांपैकी बरेचसे या ५१च्या बाहेरच राहतात.

चौथं काम: आपले आधी

बाजारात जाण्यापूर्वी आपल्या चांगल्या तरुणांचे करार वाढवा. ईगल्सने त्या मार्च-एप्रिलमध्ये गार्ड लँडन डिकरसन (चार वर्षं, ८.४ कोटी), फळीच्या कडेचा टॅकल जॉर्डन मायलाटा (तीन वर्षं, ६.६ कोटी), पास पकडणारे रिसीव्हर डेव्होंटा स्मिथ (तीन वर्षं, ७.५ कोटी) आणि ए. जे. ब्राउन (तीन वर्षं, ९.६ कोटी) या चौघांना बांधून घेतलं. यातला एकही जण त्या मार्चमध्ये मोकळा होणार नव्हता. लवकर करार करणारा संघ आजच्या भावाने घेतो, थांबणारा पुढच्या वर्षीच्या.

फ्रँचाइझ टॅग हे शेवटचं हत्यार. त्या जागेवरच्या सर्वाधिक पगारवाल्यांच्या आकड्यांवरून ठरलेल्या रकमेला खेळाडू एका वर्षासाठी अडवता येतो. नेहमीच्या प्रकारात दुसरा संघ ऑफर देऊ शकतो, पण तुम्ही बरोबरी केली नाही तर त्याला पहिल्या फेरीचे दोन पिक (ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या) मोजावे लागतात. ट्रान्झिशन टॅगमध्ये फक्त बरोबरीचा हक्क मिळतो. आयपीएलचं राइट टू मॅच कार्ड माहीत असेल तर हे लगेच समजेल. जायंट्सने बार्कलीला २०२३ला टॅग लावला आणि २०२४ला लावला नाही. तो मोकळा झाला, आणि नव्वदएक मैलांवरच्या वैऱ्याने त्याला उचललं.

पाचवं काम: जागेचा भाव

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना. क्वार्टरबॅक, एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चालून जाणारा), टॅकल, रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक या जागा बाजारात महाग. रनिंग बॅक, सेफ्टी, आतला लाइनबॅकर, गार्ड या तुलनेने स्वस्त. ड्राफ्टमध्ये मात्र पगार जागेवर ठरत नाही, पिकच्या क्रमांकावर ठरतो. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११च्या करारापासून नवोदितांचा पगार जवळपास ठरलेलाच असतो. २२व्या क्रमांकावर तुम्ही कॉर्नरबॅक घ्या की सेफ्टी, पैसे तेवढेच.

२०२४च्या मार्चमध्ये शिकागोने कॉर्नरबॅक जेलन जॉन्सनला चार वर्षांचे ७.६ कोटी दिले, म्हणजे वर्षाला १.९ कोटी. ईगल्सने महिन्याभराने २२व्या क्रमांकावर क्विन्यन मिचेल घेतला, त्याचे चार वर्षांचे मिळून साधारण दीड कोटी. जॉन्सनच्या एका वर्षात मिचेलची चार वर्षं निघतात. शिवाय पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी राखण्याचा पर्यायही संघाकडे असतो.

उलट्या बाजूला बार्कली: तीन वर्षं, ३ कोटी ७७ लाख ५० हजार. सरासरी बघितली तर ब्राउनच्या निम्म्याहूनही कमी. ‘रनिंग बॅकला पैसे देऊ नयेत’ हे वाक्य तेव्हा सगळीकडे वेदवाक्यासारखं फिरत होतं. मला ते अर्धवट वाटतं. रनिंग बॅकवर पहिल्या फेरीचा वरचा पिक घालवू नये, हे खरं. पण सगळेच संघ त्या जागेपासून पळत असतील तर बाजारात उत्तम माणूस कमी भावात मिळतो, आणि पुढे भक्कम ऑफेन्सिव्ह लाइन (आक्रमक फळी) तयार असेल तर तो घ्यावाच. बार्कलीने त्या हंगामात १६ सामन्यांत २,००५ यार्ड धाव घेतली.

सहावं काम: बाजाराच्या लाटा

पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात महाग करार होतात. त्यानंतर दुसरी लाट येते, तिच्यात वर्षाभराचे छोटे करार असतात. नावं पहिल्या लाटेत असतात, नफा दुसऱ्या लाटेत.

ईगल्सने पहिल्या लाटेत तीन मोठे करार केले: बार्कली, सेफ्टी सी. जे. गार्डनर-जॉन्सन आणि जेट्सचा एज रशर ब्राइस हफ. हफला तीन वर्षांचे ५.१ कोटी. वरचा नियम आठवा: एज ही महाग जागा, आणि ती त्यांनी बाजारातून घेतली. हफला वर्षभरात अडीच सॅक (क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडणं) मिळाले आणि सुपर बोलच्या दिवशी तो खेळणाऱ्यांच्या यादीतही नव्हता. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, पण महाग जागेवरचा चांगला खेळाडू मुळात बाजारात पोचलाच का, हा प्रश्न दर वेळी विचारावा. बहुतेकदा त्याच्या जुन्या संघाला काहीतरी माहीत असतं.

दुसऱ्या लाटेत झॅक बॉन आला, एका वर्षासाठी, ३५ लाख डॉलरवर. न्यू ऑर्लीन्सला तो मुख्यतः स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळी उतरणाऱ्या संघात) खेळायचा आणि कडेचा रशर समजला जायचा. नवे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर विक फँजिओ यांनी त्याला आत, लाइनबॅकरच्या जागी उभं केलं. तो त्या वर्षी ऑल-प्रो (वर्षातल्या सर्वोत्तमांच्या) संघात गेला आणि सुपर बोलमध्ये त्याने समोरच्यांचा पास मध्येच पकडला. राइट गार्डची जागा मेकाय बेक्टनने भरली. जेट्सने २०२०ला ११व्या क्रमांकावर घेतलेला हा टॅकल दुखापतींमुळे मागे पडला होता, त्यालाही एकच वर्ष दिलं, तेही ड्राफ्ट उरकल्यावर. दुसऱ्या लाटेतच लाइनबॅकर डेव्हिन व्हाइटही आला होता. नाव मोठं, पण एकही सामना न खेळता ऑक्टोबरमध्ये त्याला सोडलं. अशा पाच चिठ्ठ्या घेतल्या की दोन लागतात. न लागलेल्यांचं नुकसान बहुतेक वर्षभरातच संपतं, पुढे मोठा डेड मनी राहत नाही.

म्हणून तुमच्या यादीत प्रत्येक रिकाम्या जागेसमोर एक महाग नाव लिहू नका. दोन-तीन अशी नावं लिहा जी पूर्वी वरच्या फेरीत निवडली गेली होती, ज्यांचं वय २७च्या आत-बाहेर आहे, आणि ज्यांना तुमच्या कोचच्या पद्धतीत वेगळी भूमिका मिळू शकते. कोच बदलला असेल तर हे शोधणं सोपं जातं: त्याच्या जुन्या संघांत त्या जागेवर कसले खेळाडू खेळले, ते बघा.

सातवं काम: नुकसानभरपाईचे पिक

थोडक्यात सांगतो, कारण सूत्र किचकट आहे आणि बाकीचं काम साइट्स करून देतात. तुम्ही गमावलेले मोकळे खेळाडू तुम्ही घेतलेल्यांपेक्षा जास्त किंवा महाग असतील, तर पुढच्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जास्तीचे पिक मिळतात, एका संघाला जास्तीत जास्त चार. यात जुन्या संघाने स्वतः काढून टाकलेला खेळाडू धरत नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये काढलेल्यांच्या यादीतून खरेदी केली तर भरपाईला धक्का लागत नाही. ड्राफ्टनंतरच्या सोमवारपासून केलेल्या सह्याही धरत नाहीत. त्यामुळे मेमध्ये अचानक जुनी, ओळखीची नावं सह्या करताना दिसतात.

आठवं काम: ड्राफ्ट

आधी क्रम. प्लेऑफ न गाठणारे १८ संघ पहिले, पहिल्या फेरीत हरलेले १९ ते २४, विजेता ३२वा. ईगल्स म्हणून २२वर होते. दुसऱ्या फेरीत त्यांच्याकडे ५० आणि ५३ असे दोन पिक होते. ५०वा न्यू ऑर्लीन्सचा होता, २०२२च्या एका अदलाबदलीत मिळालेला.

बोर्ड (निवडायच्या खेळाडूंची यादी) करताना खेळाडूंना १ ते १०० क्रमांक देत बसू नका. पाच-सहा गट करा. एका गटातले सगळे तुम्हाला सारखेच चालतात असं मानायचं. तुमची पाळी येईल तेव्हा वरच्या गटात एकच नाव उरलं असेल आणि मध्ये पाच-सहा संघ असतील तर वर सरका. गटात बरीच नावं असतील तर खाली सरकून जास्तीचे पिक घ्या. कुणाला घ्यायचं, यापेक्षा कधी हलायचं, हे गटांवरून जास्त स्पष्ट कळतं.

२२व्या पाळीला मिचेल उरला होता. टोलेडोसारख्या छोट्या कॉन्फरन्सच्या कॉलेजचा असल्याने शंका होत्या, त्या मोबाइल शहरातल्या सीनियर बोलच्या (कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या) आठवड्यात बऱ्याच मिटल्या. २००२नंतर ईगल्सने पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आयोवाचा कॉर्नरबॅक कूपर डिजीन अजून शिल्लक होता. नोव्हेंबरमध्ये त्याचा पाय मोडला होता, त्यामुळे कॉम्बाइनमध्ये तो धावू शकला नाही. ईगल्सने ५०, ५३ आणि १६१ हे पिक वॉशिंग्टनला देऊन ४०, ७८ आणि १५२ घेतले. जिमी जॉन्सन यांच्या काळात डॅलस काउबॉइजने केलेला, पहिल्या पिकला ३,००० गुण देणारा जुना तक्ता आजही चालतो. त्यात ४०ला ५००, ५०ला ४००, ५३ला ३७० आणि ७८ला २०० गुण आहेत. दिले ७७०, घेतले ७००, किरकोळ पिक सोडून. म्हणजे थोडं जास्तच मोजलं. वॉशिंग्टननेही ५०वर माइक सेनरिस्टिल हा कामाचा कॉर्नरबॅक मिळवला, त्यामुळे कोणाची फसवणूक झाली असं नाही. तक्ता भाव सांगतो, गरज सांगत नाही. तुमच्या सरावासाठी मात्र हाच तक्ता वापरा. दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक चालेल. त्याहून जास्त मोजून क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या कुणासाठी वर चढायचं, तर मी दोनदा विचार करीन.

७८वर मात्र ते थांबले नाहीत. टप्प्याटप्प्याने खाली सरकत ९४ला जेलिक्स हंट हा एज घेतला. एकाच दिवशी वर चढणं आणि खाली उतरणं, दोन्ही.

नवोदित सप्टेंबरपासून वाचवतील असं धरू नका. डिजीन पाचव्या आठवड्याच्या सुट्टीनंतरच नियमित खेळायला लागला. सुपर बोलमध्ये त्याने कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकचा, पॅट्रिक महोम्सचा, पास अडवून थेट टचडाउन केला, आणि तो त्याचा २२वा वाढदिवस होता. तोवर ईगल्सची बचावफळी यार्ड देण्यात लीगमध्ये सर्वांत कंजूष झाली होती.

नववं काम: पुढचा मार्च

ड्राफ्ट संपताच न निवडलेल्या मुलांच्या सह्या सुरू होतात. जूनमध्ये १ तारखेनंतरच्या हालचाली आणि ऑगस्टअखेर ९०चे ५३ होतात. प्रत्येक वेळी कागद दुरुस्त करा, नवा करू नका. जुना कागद असला की पुढच्या वर्षीची उत्तरं निम्मी तयार असतात.

ईगल्सचा पुढचा मार्चही लगेच तपासून बघता येईल. जिंकल्यावर डिफेन्सिव्ह टॅकल मिल्टन विल्यम्स चार वर्षांच्या १०.४ कोटींवर न्यू इंग्लंडला गेला, एज रशर जॉश स्वेट ॲरिझोनाला, बेक्टन चार्जर्सकडे. तिघेही मोकळे होऊन गेले, म्हणून भरपाईच्या हिशेबात आले. स्लेला मात्र संघानेच काढलं, तो आला नाही. बॉनला ठेवलं, पण आता ३५ लाखांत नव्हे, तीन वर्षांच्या ५.१ कोटींत. हा जवळपास हफला दिलेलाच आकडा. आणि हफला त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला दिलं तेव्हा कागदपत्रं १ जून उलटल्यावरच पूर्ण केली. ती तारीख का निवडली, ते तिसऱ्या कामातलं गणित करून काढा.